कानात जळणारी वात

आधीच सांगून ठेवतो, हे मी लिहिलेलं न्हाय. माझा अन् शाळंचा संबंध इतकाच, की शाळंच्या मागल्या भिंतीवर आमच्या घरच्या गोवऱ्या वाळायच्या. मी बोलायलोय अन् लेक लिहून घ्यायलीय. ती मधीच हात थांबवून म्हणती, आबा, रागाच्या भरात तुमी शब्द गिळायलाव. म्हणलं गिळू दे. वीस वर्षं दुसरं काय केलंय.

राग कुणाचा, तर पहिला माझाच. मग बाकीच्यांचा नंबर.

आमच्या तेरखेड्याकडं फटाक्याची शेडं हायती. गावाच्या भाईर रानात, एकमेकांपासून लांब लांब. तसल्या एका शेडात मी वीस वर्षं काढली. सुरवातीला सुतळी गुंडाळायला बसलो. पण माझ्या हातचा सुतळी बॉम्ब म्हणजे एका बाजूनं पोट सुटलेला. मालकानं दोन महिने बघितलं अन् म्हणला, ह्याला भाईरचं काम द्या. भाईरचं काम म्हणजे आवाज बघणं.

आवाज बघणं म्हणजे असं. माल तयार झाला की त्यातलं दोन-चार नग काढायचे, मोकळ्या रानात न्यायचे अन् वाजवून बघायचे. दिवाळीच्या आधी व्यापारी येत्यात, तीबी म्हणत्यात आधी वाजवून दावा, मग बोला. एकजण बत्ती देऊन मागं पळायचा अन् मी दहा पावलांवर उभा राहून कौल द्यायचो. भरीव. पोकळ. ओला. ढिल्ला. दारू सादळली असली तर आवाज खोकल्यावानी येतो, सुतळी सैल असली तर फाटल्यावानी येतो. हे मला कुणी शिकवलं न्हाय. कानच तसं व्हतं. मालक व्यापाऱ्यास्नी सांगायचा, आमच्या माणसाचा कान म्हणजे तराजू हाय.

तराजूचा रुबाब तर बघा. बत्ती देणारा कानात बोटं घालायचा. व्यापारी दोन्ही हातानं कान दाबायचं. मालक गाडीत बसून काच वर करायचा. अन् मी उघड्या कानानं, कमरंवर हात ठेवून, दात काढीत उभा. कुणी इचारलं तर म्हणायचो, कान झाकल्यावर आवाज कळंल कसा. खरं कारण दुसरंच. शेडातल्या बाया दारातून बघायच्या. एकदा एका व्यापाऱ्यानं माझ्याकडं बोट करून इचारलं, हा माणूस हाय का खांब. मला लई भारी वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणली, खांबाला अक्कल नसती म्हणून त्याला कुणी नावं ठेवत न्हाय, तुमचं तसं न्हाय.

बार झाला की कान बंद व्हायचं, कापूस कोंबल्यावानी. मग आत बारीक वाजायचं. चहा पिऊस्तोवर सगळं मोकळं. काही वर्षांनी चहाच्या ऐवजी जेवण लागायला लागलं. मग सकाळ लागायला लागली. मी काय समजायचो, तर कान कामावरून थकून आल्यात, निजून उठल्यावर ताजं व्हत्यात. बैल व्हतात तसं. एक दिवस सकाळ झाली, तोंड धुतलं, चहा झाला, अन् ते वाजणं थांबलंच न्हाय.

शीऽऽऽ. असं. वात जळताना करती तसं, फक्त ही वात संपत न्हाय.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? कान बघितला असता. म्या फ्रीज बघितला. आमच्या घरात नवीन फ्रीज आल्याला, म्हणलं ह्याचाच आवाज. बंद केला. आवाज चालूच. मग पंखा, मग टीव्ही, मग मेन बटन. अख्खं घर बंद करून मी भर दुपारी भिंतीला कान लावून फिरायलोय अन् बायको घाम पुशीत इचारायलीय, सापडला का चोर. तिला काय ऐकू येत न्हवतं. मी म्हणलं, तुझे कान गेल्यात. हे म्या तिला म्हणलं, ध्यानात घ्या. मग मी लाईनमनला घेऊन आलो, की आमच्या दारावरची तार वाजायलीय. तो बिचारा खांबावर चढला, उतरला, अन् म्हणला, काका, तार गप हाय, तुमीच वाजायलाव. गल्ली हसली. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो, कारण हसणं हा माझा धंदाच.

हितवर सगळी गंमत व्हती. पुढं गंमत न्हाय.

शेडात एक कायदा हाय. कुठं लिहिल्याला न्हाय, लिहिला असता तरी मला वाचता आला नसता. शेडात 'पेटली' हा शब्द कुणी काढायचा न्हाय. घरची चूलसुद्धा 'लावली' म्हणायचं. कारण 'पेटली' म्हणलं की हातातलं टाकून सगळ्यांनी पळायचं, थेट बांधावरच्या लिंबापर्यंत. काय, कुठं, हे इचारायचं न्हाय. मागं बघायचं न्हाय. चप्पल शोधायची न्हाय. मी एवढा चावट माणूस, मयतीला गेलो तरी कुणाला तरी हसवून येतो. पण ह्या शब्दाची मस्करी म्या कधी केली न्हाय. ह्या एका शब्दावर आठ बाया अन् मी, रोज सकाळी जय भीम, राम राम करून दारूच्या ढिगाशेजारी निवांत बसायचो.

बार नसला की मी दाराजवळ बसून वाती कापायचो. तिथं मला मुद्दाम बसवल्याला. तराजूचा कान, कुठं काय सुरसुरलं तर पहिलं ह्यालाच कळणार.

त्या दिवशी जेवणं झाली व्हती. सगळ्या बाया गप काम करायल्या. वारा न्हाय, पाखरू न्हाय. अन् माझ्या डाव्या अंगाला वात सुरसुरली. अगदी साफ. म्या शब्द काढला. आठच्या आठ उठल्या. कुणाची सुतळी पायात, कुणाचा डबा सांडला. आमच्यात सगळ्यात वयानं मोठी एक मावशी हाय, तिच्या हातच्या गाठीसारखी गाठ अख्ख्या शिवारात कुणाची न्हाय. ती उंबऱ्यात पडली अन् मनगट मुरगळलं. लिंबाखाली उभं राहून आमी वाट बघितली. काय झालं न्हाय. शेडात जाऊन बघितलं. एकबी वात जळलेली न्हाय. मावशी म्हणली, असू दे, खोटं निघालं हे बरंच झालं. म्या तिचं मनगट बघितलं अन् तेवढ्यासाठी एखादा विनोद शोधला. सापडला न्हाय.

पंधरा दिवसांनी परत तसंच. परत म्या शब्द काढला. अन् ह्या बारीला दोघीजणी उठल्याच न्हाईत. एकीनं नुस्तं माझ्याकडं बघितलं अन् सुतळी ओढीत राहिली. मावशी उठली, पण उंबऱ्यात थांबून तिनं इचारलं, "खरंच व्हय रं?"

लिंबाखाली उभा राहून मी तिचा प्रश्नच घोळवायलो. त्या शब्दावर इचारायचं नसतं. माझ्या कानापायी तो शब्द मरायला लागला व्हता. उद्या खरंच काय झालं अन् कुणी ओरडलं, तर ह्या बसून राहणार, अन् ते पाप माझं.

मग मी दवाखान्याच्या मागं लागलो. आधी घरचं, लसणाचं तेल. कान भाजला, आवाज तसाच. मग औषधाच्या दुकानातलं थेंब. मग तालुक्याला एक डॉक्टर. तो मोबाईलवर काहीतरी बघत व्हता. म्या सांगितलं कानात वात जळायलीय. त्यानं मान वर केली न्हाय. म्हणला, वय झालं, मनावर घेऊ नका. म्या म्हणलं, मनावर न्हाय, कानावर हाय. तो म्हणला, पुढचा या. मी पन्नाशीचा बी न्हवतो, बरं का. अन् त्यानं एकदा तरी इचारावं, तुमी काम काय करता? गवंड्याला कंबर दुखती म्हणून दाखवलं तर कंबर दाबून बघत्यात. कानाला तेवढंबी न्हाय. कान दिसायला चांगला असला की झालं.

लेक उमरग्याला दिलीय. तिला फोनवर ह्या डॉक्टरची नक्कल करून दाखवली, तिनं हसावं म्हणून. ती हसली न्हाय. म्हणली, आबा, उद्याची एसटी धरा. तिथं कान तपासणाऱ्या एक मॅडम हायती, हायवेवरच्या ट्रकवाल्यांचंबी कान त्याच तपासत्यात.

मॅडमनं पहिलाच प्रश्न इचारला, काम काय करता. मला रडूच यायलं, पण लेकीसमोर कसं रडावं म्हणून म्हणलं, बॉम्ब फोडतो. मग सगळं सांगितलं.

आधी त्यांनी कानात बॅटरी मारून बघितलं. मळ न्हवता, पडदा साबूत. मग मला एका बारक्या खोलीत बसवलं. भिंतीला गाद्या. कानाला मोठं झाकण लावलं, हातात बटन दिलं, अन् सांगितलं, आवाज आला की दाबा. म्या दाबलं. दाबूनच धरलं. काचंतून मॅडम हातानं खुणावायल्या, सोडा. मी सोडीना. आवाज थांबायलाच तयार न्हाय तर सोडू कसा? शेवटी त्या दार उघडून आत आल्या अन् म्हणल्या, काका, म्या अजून मशीन चालूच केलेली न्हाय.

हे म्या एसटीत येताना चार लोकास्नी सांगून हसवलं. तिथं मात्र मला हसू आलं न्हाय.

तपासणी झाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. कानाच्या आत, लई खोल, बारीक केसांसारख्या पेशी असत्यात, ज्वारीच्या ताटांवानी उभ्या. आवाज आला की डुलत्यात, अन् त्यांच्या डुलण्यानं डोक्याला कळतं. मोठा आवाज म्हणजे वादळ. एखाद्या वादळात ताटं आडवी व्हत्यात, परत उभी राहत्यात, तेच ते तुमचं चहा पिऊस्तोवर मोकळं होणं. पण रोज वादळ आलं तर मुळातनं जात्यात. अन् ही ज्वारी परत पेरता येत न्हाय. जिथली ताटं गेली तिथनं डोक्याला काहीच बातमी येईना, म्हणून डोकं स्वतःच तिथला आवाज काढत बसतं. ते तुमचं शीऽऽ. भूत न्हाय, येडेपणा न्हाय, तार न्हाय.

म्या इचारलं, जाईल का. त्या म्हणल्या, खोटं सांगणार न्हाय, पूर्ण जाईल असं सांगता येत न्हाय. काढून देतो म्हणणारे लई भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. पण त्याचा जाच कमी करता येतो. अगदी सामसुमीत बसायचं न्हाय, बारीक आवाजात रेडिओ लावून ठेवायचा. ऐकायची मशीन लावली तर काहीजणांना वाजणंबी कमी जाणवतं, ते पुढं बघू. अन् इथून पुढं मोठ्या आवाजात उघड्या कानानं उभं राहायचं न्हाय. एकाच कानात एकाएकी सुरू झालं, किंवा ऐकू येणं एकदम गेलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हे सगळं म्या ऐकून घेतलं. मग त्यांनी टेबलावरच्या मशीनचं एक बटन फिरवलं अन् आमच्या दोघांकडं बघत बसल्या. मी वाट बघायलो, आता काय करत्यात. तेवढ्यात लेकीनं तोंड वाकडं केलं, कान दाबलं अन् म्हणली, मॅडम, बंद करा, टोचायलंय. मला काहीच ऐकू आलं न्हवतं. मी दात काढून बसलो व्हतो.

मॅडम म्हणल्या, "वातीची सुरसुर असल्याच बारीक, टोकदार आवाजात असती, काका. तुमाला कानातली ऐकू येती. खरी येणार न्हाय."

त्या वाक्यानं माझी हवा गेली. म्हणजे म्या दोनदा बाया पळवल्या ते खोटं, हे तर कळलंच व्हतं. पण ज्याला खरी वात ऐकू यावी म्हणून दाराशी बसवलंय, तो तराजू वातीला पुरता बहिरा हाय, अन् आठजणी त्याच्या भरवशावर बसल्यात, हे मला कुणी सांगितलं न्हवतं. अन् खरं सांगतो, मला थोडं थोडं ठाऊक व्हतं. मागच्या दोन हंगामात मी कौल कानानं दिलाच न्हाय. धूर बघायचो, छातीला धक्का कसा बसला ते बघायचो अन् म्हणायचो, भरीव. व्यापारी माना डोलवायचं. इज्जत जाईल म्हणून गप बसलो. मालकाच्या आधी गुन्हेगार मीच.

गावी आलो अन् थेट मालकाकडं गेलो. सगळं सांगितलं, ज्वारीची ताटंसुद्धा. म्हणलं, मला दारावरून हलवा, चांगल्या कानाचं माणूस बसवा, अन् बार बघणाऱ्याला कानावर काहीतरी झाकण द्या. मालक वाईट माणूस न्हाय, एरवी लग्नाकार्याला उभा राहतो. त्यानं ऐकलं, अन् आधी दार लोटून घेतलं. म्हणला, हे कुणाला बोलला न्हाईस न्हवं? व्यापारी तुझ्या नावावर येत्यात. कान गेलं तर गेलं, तोंड चालतंय की. उभा राहा अन् भरीव म्हण.

म्या इचारलं, अन् दाराचं काय?

तो म्हणला, वीस वर्षांत काय झालंय का? तेवढं घाबरायचं तर भाजी इकायची.

मी आयुष्यात कुणावर ओरडलो न्हाय. मला जमतच न्हाय, तोंड उघडलं की विनोद पडतो. त्या दिवशीबी तोंड उघडलं अन् म्हणलं, मालक, तुमी गाडीची काच वर करायचा ती हवेसाठी न्हवं तर. त्यालाबी हसू आलं. मी मात्र घरी येईस्तोवर त्या काचंवरच अडकलो. वीस वर्षं काच वर करणाऱ्याला ठाऊक व्हतं, की आवाजानं कान जातो. म्हणूनच तर वर करायचा. एकदा काच खाली करून मला एवढंच म्हणला असता, कान झाक रं. एवढंच. त्याचं काय जात व्हतं?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वक्ताला म्या बायांना सांगून टाकलं. डबे उघडलेले, मी उभा. म्हणलं, माझ्या कानावर भरवसा ठेवू नका. मला खरी वात ऐकू येत न्हाय, अन् नसलेली येती. मावशीचं मनगट माझ्यापायी मुरगळलं. मी वाट बघत व्हतो, आता शिव्या पडणार. खरं तर पडाव्या असंच वाटत व्हतं.

मग मावशीनं भाकरी खाली ठेवली अन् इचारलं, "शी वाजतं, ते का रं? ते सगळ्यांलाच वाजतं की."

म्या म्हणलं, सगळ्यांला न्हाय मावशी. लेकीला न्हाय, बायकोला न्हाय.

तिला वाटायचं, कान म्हणजे असाच असतो, नाकाला वास तसा कानाला शी. मग एकेक बोलायला लागली. एकीला दोन्ही कानात. एकीला घुमल्यावानी. एक म्हणली, सासू म्हणती तू ऐकून न ऐकल्यावानी करतीस, रोज भांडण. आठातल्या पाचजणी. पाच. अन् आमी सगळे एकाच छपराखाली बसून, प्रत्येकजण आपापली वात जाळीत, वर्षानुवर्षं गप. हसवायला मी व्हतो न्हवं, म्हणून कुणाला बोलायला जागाच मिळाली न्हाय, असं मला त्या दिवशी वाटलं.

सगळ्यात साफ कान निघालं ते एका सुनंचं. बेंबळीकडची पोरगी, लग्न होऊन आल्याली, कामावर येऊन दोन महिनेबी झालं न्हवतं. मावशीनं तिला उठवलं अन् माझ्या जागंवर दाराशी बसवलं. मला तिच्या जागंवर, सुतळीत. अन् मावशीच मालकाला जाऊन भेटली. काय बोलली ते मला ठाऊक न्हाय. एवढं ठाऊक हाय की तिनं सांगितलं, झाकणं येऊस्तोवर एकबी गाठ बांधायची न्हाय, अन् त्या दिवशी ती दोन्ही हात पदरात घालून बसली. झाकणं आली. दोनच आली. मालक म्हणला, बार बघायला दोनच माणसं लागत्यात. व्यापारी आलं की त्यातलं एक तो स्वतःच लावतो.

उन्हाळ्यात एक दिवस मी शेडाच्या भाईर, सावलीला बसून सुतळीची गुंतवळ सोडवत व्हतो. माझ्या पाठीमागं ताडपत्रीवर नवीन वाती वाळत घातलेल्या. कानात नेहमीची शीऽऽ. एकाएकी दारातनं ती बेंबळीची सून ओरडली. तोच शब्द. मला वात ऐकू आली न्हाय, तो शब्द तेवढा ऐकू आला. मी उठलो अन् पळालो. कुणी काय इचारलं न्हाय. मावशी माझ्या पुढं पळायली.

लिंबाखाली जाऊन वळून बघितलं. ताडपत्रीवरनं एक काळी रेघ धुरासकट सरकत गेली अन् कडंला येऊन इझली. तिथनं मोकळी जमीन व्हती म्हणून इझली. मी बसलो व्हतो त्या जागंपासून चार पावलं, फार तर पाच.

म्या बाया मोजल्या. आठ. परत मोजल्या. ती सून धापा टाकीत मला इचारायली, मामा, तुमाला खरंच काय ऐकू आलं न्हाय? म्या मान हलवली. मालक गाडी घेऊन आला, काच खाली करून त्यानं पहिलं इचारलं, वाती किती गेल्या. मावशीनं त्याच्याकडं बघितलंबी न्हाय. ती माझ्या सदऱ्याची पाठ दोन्ही हातानं चाचपून बघत व्हती, कुठं ठिणगी लागलीय का.